मारबतीचा माहितीपट आणि रंगमंचावरचा बडग्या: एकत्र प्रयोग कसा बांधावा

नागपूरच्या मारबत मिरवणुकीवर (मारबत आणि बडग्या म्हणजे गावाची पीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळले जाणारे मोठे पुतळे) माहितीपट आणि नाटक यांचा एकत्र प्रयोग करायचा असेल, तर चित्रीकरणाआधीच एक वाटणी ठरवावी: जे प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष घडवता येते ते चित्रित करू नये आणि जे रंगमंचावर आणता येत नाही तेवढेच पडद्याला द्यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, तेव्हाची गर्दी आणि ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ हा घोष पन्नास नटांनाही उभा करता येणार नाही. तो पडद्यावरच हवा. (मिरवणूक ऐन पावसाळ्यात असते, तेव्हा कॅमेऱ्याला आवरण न्यावे.) बडग्याचा सांगाडा बांधणारे हात, बांबू चिरल्याचा आवाज, कामट्यांवर चिकटवला जाणारा कागद, हे मात्र नटाने प्रयोगातच करावे, कारण तेच पडद्यावरही दिसले की नट नुसता निवेदक उरतो.

सर्वांत अवघड भाग संवादाचा. नट प्रश्न विचारतो आणि पडद्यावरचा वृद्ध कारागीर उत्तर देतो, असा प्रसंग योजला असेल, तर मुलाखतीच्या वेळीच कारागीर गप्प राहून ऐकत असल्याचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण वेगळे घ्यावे. प्रेक्षक हसले किंवा नट रेंगाळला, तर तोच तुकडा फिरवत ठेवता येतो. स्थिर केलेली चौकट लगेच निर्जीव दिसते. प्रत्येक उत्तराचा तुकडा सुटा ठेवून पडद्यावरचे चित्र चालवणाऱ्या ऑपरेटरने तो नटाचे वाक्य ऐकून सोडावा, आणि त्यासाठी ऑपरेटरला पहिल्या तालमीपासून बसवावे.

मुलाखत ट्यूबलाइटखाली असेल, तर सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंदावर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने इतर मापांत चित्र लुकलुकण्याचा धोका असतो. समोरून प्रक्षेपण केल्यास नटाची सावली पडते आणि मागून करायचे तर पडद्यामागे पुरेशी जागा लागते, म्हणून सभागृह ठरवण्यापूर्वीच ती मोजावी. नटावरचे दिवे बाजूने लावावेत.

नाटकाची संहिता ती तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते आणि चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनाला सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ लागू होतो. दोन्हींची चौकशी तिकीटविक्रीपूर्वी करावी. कारागिराच्या लेखी संमतीत रंगमंचावरील वापराचा स्पष्ट उल्लेख हवा. कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झालेला माणूस, नटाने आपल्या तोंडावर प्रतिप्रश्न करावेत यालाही तयार असेलच असे नाही. तेव्हा त्याला एक तालीम दाखवावी आणि त्याला खटकलेला तुकडा काढून टाकावा.