शून्य थकबाकीदार!

सोसायटीचा हिशेब एक्सेलमधून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये आणला, तेवढंच निमित्त एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकायला. दोन टेबलं: सभासद (84 फ्लॅट) आणि पावत्या. जूनचा मेंटेनन्स कोणी भरला नाही ते हवं होतं. सरळ लिहिलं: सभासदांतले ते फ्लॅट दे, जे 'नॉट इन', म्हणजे पुढच्या कंसातल्या जूनच्या पावत्यांच्या यादीत नाहीत.

उत्तर: शून्य ओळी. सेक्रेटरी काका खूश, "वा, सगळ्यांनी भरले की!" पण मीच भरले नव्हते.

कंसातली क्वेरी, म्हणजे प्रश्न, एकटी चालवली. 61 ओळी, त्यातल्या एकीत फ्लॅट नंबरच नाही. कुणीतरी यूपीआयनं पैसे टाकले होते, नंबर न लिहिता. तिथे नल. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी अक्षरंही नव्हेत. नल म्हणजे 'माहीत नाही'. आता फ्लॅट 304 हा 101 नाही, 102 नाही, पण त्या 'माहीत नाही'पेक्षा वेगळा आहे का? माहीत नाही! आणि 'व्हेअर', म्हणजे क्वेरीतली अट, फक्त पक्क्या 'हो'ला आत घेतो. एका नलनं अख्खी यादी गिळली.

(ती ओळ शोधताना 'फ्लॅट = नल' लिहून पुन्हा शून्य पदरात पडलं. तिथे 'इज नल' लागतं.)

कंसात 'फ्लॅट इज नॉट नल' जोडलं, 24 फ्लॅट आले. आता अशा जागी मी 'नॉट एक्झिस्ट्स' (या फ्लॅटची एकही पावती नाही ना, हे बघणारी अट) वापरतो. त्याला नलची बाधा होत नाही.

यादीत काकांचाही फ्लॅट होता. ती बेवारस पावती त्यांचीच निघाली.