डोंगर-जंगलातच काम करायचंय? मग आधी हे तपासा

सह्याद्रीत चारपाच ट्रेक झाले की सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या डोक्यात येतंच, हे सगळं सोडून बाहेरचं काहीतरी करावं. करा की, कोण नको म्हणतंय, पण नुसतं 'मला निसर्ग आवडतो' म्हणून काम ठरत नाही. तिथे जाऊन दिवसभर नक्की काय करायला आवडेल ते आधी शोधा. माणसं सांभाळायला आवडतं, का एकटं राहायला, का एकच गोष्ट वर्षानुवर्षं बघत नोंदी करायला? तिघांच्या वाटा पूर्ण वेगळ्या आहेत.

माणसांची आवड असेल तरच ट्रेक लीडर व्हा. कारण पावसाळ्यात राजमाची नाहीतर हरिश्चंद्रगडावर ४० जणांची बॅच नेली की डोंगर बघायला वेळच नसतो, सारखी डोकी मोजायची, कोणाचा पाय मुरगळला, कोण सेल्फीसाठी कड्यावर गेलं, हेच चालू. हिमालयात जायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत (निम) किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये (एचएमआय) बेसिक कोर्स करा, साधारण महिनाभराचा असतो. त्यात ए ग्रेड आली तरच पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स मिळतो, त्यामुळे नुसतं फिरून यायच्या तयारीने जाऊ नका, आधी धावायला लागा.

जंगल खातं म्हटलं की लोकांना फक्त वाघ दिसतो. वनरक्षकाची भरती बारावीवर निघते, बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यापैकी एक विषय लागतो, मुलांना ५ किमी आणि मुलींना ३ किमी धावावं लागतं. बीटवरची (नेमून दिलेल्या जंगलाच्या तुकड्यातली) गस्त, उन्हाळ्यात जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) आणि वणवे, पाणवठे, रानडुकरांनी पीक खाल्लं की पंचनामा आणि चिडलेल्या शेतकऱ्यासमोर उभं राहणं, हे सगळं त्यात आलं. वरच्या जागा हव्या असतील तर आरएफओसाठी (वनपरिक्षेत्र अधिकारी) एमपीएससी, आयएफएससाठी (भारतीय वनसेवा) यूपीएससी. आयएफएसला पदवीचे विषय ठरलेले आहेत (सायन्स, अ‍ॅग्री, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंग वगैरे) आणि ४ तासांत मुलांना २५ किमी, मुलींना १४ किमी चालायची टेस्ट असते. फॉरेस्ट्रीची पदवी इथेच करायची तर दापोली नाहीतर अकोला.

आता एक गोष्ट जी कोणी आधी सांगत नाही. बाहेरच्या नोकरीत बढती मिळाली की माणूस आत येतो! वनरक्षक रोज जंगलात असतो, डीएफओच्या (विभागीय वन अधिकारी) टेबलावर मात्र फायली, कोर्ट केस आणि मीटिंगा. जिऑलॉजिस्टचंही तसंच, पावसाळा संपला की फील्ड सीझन, उरलेले महिने लॅब आणि रिपोर्ट. म्हणून पहिल्या पोस्टिंगचे फोटो बघून ठरवू नका, त्याच खात्यात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला विचारा की गेल्या महिन्यात किती दिवस बाहेर होतात. माझ्या मते बाकी सगळी चौकशी या एका प्रश्नापुढे कमीच.

एकाच गोष्टीत रमणारे असाल तर संशोधनाकडे बघा. डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट आणि बंगळुरूची एनसीबीएस (जीवशास्त्रातली संशोधन संस्था), दोन्हीकडे वन्यजीवांवर एमएस्सी आहे, पण जागा मोजक्या आणि स्टॅटिस्टिक्स चुकत नाही, गणिताला कंटाळून जंगलात पळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्यातच डेक्कन कॉलेज आहे. उत्खननात दिवसभर उन्हात ब्रश मारायचा आणि मग खापरं धुवून त्यांच्यावर नंबर टाकत बसायचं, ज्याला हे आवडतं त्याला प्रचंड आवडतं, बाकीचे लवकर कंटाळतात.

नोकरी सोडायच्या आधी स्वस्तात चाचणी घ्या. बुद्ध पौर्णिमेला वनविभागाचा निसर्गानुभव असतो, पाणवठ्याजवळ मचाणावर रात्रभर बसायचं. बोलायचं नाही, डास चावतात, आणि कधी कधी सकाळपर्यंत फक्त दोन सांबर आणि डुकरांचा कळप येतो. तरीही पुढच्या वर्षी परत नाव नोंदवावंसं वाटलं तर तुमच्यात काहीतरी आहे. ट्रेकिंगवाल्यांनी एखाद्या ग्रुपसोबत पूर्ण पावसाळा व्हॉलंटियर म्हणून काढावा, एक वीकेंड पुरत नाही.

पैशाचं आधी घरी स्पष्ट बोला. फ्रीलान्स लीडरला ट्रेक झाला तर पैसे. ताडोबाचा कोअर (व्याघ्र प्रकल्पाचा आतला गाभा) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, म्हणजे सफारीवर अवलंबून असलेल्यांचं ते तीन महिने काय चालतं हे रिसॉर्टमध्ये नॅचरलिस्टची (पाहुण्यांना जंगल दाखवणाऱ्या जाणकाराची) नोकरी धरायच्या आधी विचारून घ्या, पगार बारा महिने मिळणार का नऊ, आणि तो आकडा लेखी घ्या.