सांगलीत ऑफिस शिफ्ट करायचंय? पॅकर्स मूव्हर्स ठरवायच्या आधी एवढं बघून घ्या

सांगलीत ऑफिस हलवणारे गेल्या काही वर्षांत लई वाढलेत. गणपती पेठ, वखारभाग, मारुती चौक, स्टेशन रोड इकडं ज्यांची ऑफिसं तळमजल्याला होती त्यांनी २००५ चा पूर बघितला, मग २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५ फूट आहे), आणि २०२१ ला परत तेच, त्यामुळं आता विश्रामबाग, शंभर फुटी रोड, कुपवाड नाहीतर मिरजेच्या बाजूला वरच्या मजल्यावर जागा घ्यायची आणि बाडबिस्तरा तिकडं न्यायचा असं चाललंय. जागा शोधताना लोक सहा सहा महिने घालवतात, दहा जागा बघतात, आणि सामान कोण नेणार हे मात्र शेवटच्या आठवड्यात मोबाईलवर सर्च करून, पहिला जो फोन येईल त्याला देऊन टाकतात. हे बदला एवढंच माझं म्हणणं आहे. किमान महिनाभर आधी लागा कामाला.

आणि पहिला प्रश्न दराचा विचारू नका. पहिला प्रश्न हा की माल बघायला कोण येणार आणि कधी येणार. माझ्या मते निम्मी परीक्षा तिथंच होती.

आपल्याकडं हे काम करणारे साधारण तीन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणजे ओळखीचा टेम्पोवाला, त्याचा छोटा हत्ती नाहीतर पिकअप आणि बरोबर चार हमाल. दोन टेबलं, एक कपाट, एक कॉम्प्युटर असलं ऑफिस असेल तर हाच माणूस बेस्ट, उगाच कंपनी शोधत बसू नका, फक्त पॅकिंग तुमचं तुम्ही करा. दुसरे म्हणजे ज्यांचं सांगली, कोल्हापूर नाहीतर पुण्यात खरोखरचं ऑफिस, गोडाऊन आणि स्वतःची माणसं आहेत असे पॅकर्स. आणि तिसरे नुसते फोनवरचे, जे तुमची ऑर्डर घेतात, कमिशन काढतात आणि काम दुसऱ्याला देऊन टाकतात. वेबसाईटवर एकदा नंबर टाकला की दहा मिनिटांत जे सात आठ फोन येतात त्यात हे तिसरेच जास्त असतात. कमिशन घेतलं म्हणून कोणी वाईट होत नाही, पण शिफ्टिंगच्या दिवशी टेबलाची काच फुटली की फोनवरचा म्हणतो गाडीवाल्याशी बोला आणि गाडीवाला म्हणतो मला फक्त भाडं सांगितलंय, मग जबाबदार कोण तेच कळत नाही. म्हणून सरळ विचारा, माणसं पगारी तुमची का रोजंदारीवर उचललेली, गाडी तुमची का भाड्याची, आणि जे उत्तर येईल ते कोटेशनवर लिहून मागा.

आता माल बघायला येणं म्हणजे काय ते सांगतो, कारण बरेच जण दारात उभं राहून इकडं तिकडं बघतात आणि पाच मिनिटांत आकडा सांगतात, तसल्याला काम देऊ नका. कामाचा माणूस आला की तो मोजपट्टी काढतो, जिना बघतो, लिफ्टचं दार मोजतो. गणपती पेठेतल्या जुन्या इमारतींचे जिने अरुंद, वळणाचे, तिथनं गोदरेजचं मोठं कपाट सरळ उतरत नाही, ते कसं खाली घेणार हे त्यानं तिथंच सांगितलं पाहिजे. तो विचारतो की गाडी दारापर्यंत येती का, का चौकात लावून हातगाडीनं सामान न्यावं लागतंय. वर्कस्टेशन उघडायची आहेत का, सुतार कोणाचा, नवीन जागेत परत जोडून कोण देणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो नवीन जागा पण बघायला मागतो. जुन्या जागेतलं सामान बघून दर सांगणारे खूप आहेत, पण तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद असली तर काय याचा विचार करणारा कमी. जो दोन्ही जागा बघतो त्याचा दर हजार दोन हजारानं जास्त असला तरी मी त्यालाच काम देईन.

त्याच वेळी सामानाची यादी करून घ्या, त्याच्या समोर. खुर्च्या किती, टेबलं किती, कपाटं किती, फायलींचे अंदाजे बॉक्स किती. ही यादी तीन ठिकाणी पाठवली तरच तीन कोटेशनची तुलना होऊ शकती, नाहीतर एक जण छोट्या गाडीच्या दोन खेपा धरतोय, दुसरा १४ फुटी ट्रकची एकच खेप धरतोय आणि तुम्ही नुसता खालचा आकडा बघताय.

कंपनी खरी आहे का हे बघायला फार अक्कल लागत नाही, वेळ मात्र काढा. जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयरमध्ये टाका, तिथं मालकाचं किंवा फर्मचं खरं नाव, रजिस्ट्रेशनची तारीख, चालू आहे का रद्द झालाय, सगळं दिसतंय. या धंद्यात मोठ्या कंपनीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव आणि तसाच लोगो लावणारे बरेच आहेत, ते इथं लगेच कळतंय. गाडीचा नंबर आदल्या दिवशी मागून एमपरिवहन ॲपवर टाका, इन्शुरन्स आणि फिटनेस चालू आहे का बघा, आणि नंबरप्लेट पिवळी पाहिजे. पांढऱ्या प्लेटच्या गाडीत व्यवसायाचा माल भाड्यानं नेणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तिथंच अडवतो. शिवाय आधी केलेल्या दोन ऑफिसांची नावं मागा, सांगली मिरजेतलीच मागा, आणि जमलं तर फोन न करता तिथं जाऊन या, लोक समोरासमोर खरं सांगतात.

कोटेशन एका ओळीत "शिफ्टिंग चार्जेस एवढे" असं आलं तर परत पाठवा. त्यात पॅकिंगचं मटेरियल, माणसं किती, गाडी कुठली आणि किती खेपा, उघडणं जोडणं, मजल्याचा चार्ज, थांबल्याचा चार्ज, जीएसटी हे सगळं वेगळं पाहिजे. हमालीचं तर स्पष्टच लिहून घ्या. मार्केट यार्डाच्या बाजूला किंवा काही एरियात ठरलेली हमाल टोळी असती, माथाडीचा कायदा १९६९ पासून आहे आणि नोंदीत हमालांचे हक्क खरे आहेत, त्यांचे पैसे बुडवायचे नाहीत, पण तिथं वाराई (माल चढवायची उतरवायची मजुरी) लागली तर ती कोण देणार हे गाडी दारात उभी असताना ठरवायला बसू नका. अजून एक, पुण्याची कंपनी बोलावली तर रिकामी गाडी सांगलीपर्यंत यायचं आणि परत जायचं भाडं दरात धरलेलं असतंय. गावातल्या गावात आठ दहा किलोमीटरचं काम असेल तर खरा खर्च अंतराचा नसून माणसांचा आणि पॅकिंगचा असतो, त्यामुळं जवळची माणसं बघा.

इन्शुरन्सवर थोडं जास्त बोलतो, कारण इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतोय. बऱ्याच कोटेशनमध्ये एफओव्ही (फ्रेट ऑन व्हॅल्यू) म्हणून मालाच्या किमतीच्या दोन तीन टक्के रक्कम लावलेली असती आणि तोंडानं सांगतात "सर इन्शुरन्स आहे". तो इन्शुरन्स नसतो. ती मूव्हरनं स्वतः जोखीम घेतल्याची फी असती, म्हणजे नुकसान झालं तर भरून द्यायचं का नाही हे परत त्याच्याच हातात. खरा इन्शुरन्स म्हणजे इन्शुरन्स कंपनीची ट्रान्झिट पॉलिसी, त्यावर तुमच्या फर्मचं नाव, मालाची किंमत, कुठनं कुठं ते लिहिलेलं. तिच्यातही ऑल रिस्क आहे का फक्त आग आणि अपघात हे विचारा, चढवता उतरवताना पडलं तर धरलंय का हे विचारा, कारण लोकल शिफ्टिंगला नुकसान रस्त्यात कमी आणि जिन्यात जास्त होतं. ट्रान्सपोर्टवाल्याची कायद्यानं जी जबाबदारी येती ती पण मर्यादित आहे, २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आणि त्याचे नियम असं धरतात की मालाची जास्तीची किंमत तुम्ही आधी जाहीर केली नसेल तर भरपाई भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. समजा बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाला मालाची पावती देतो ती) भाडं ४,००० लिहिलं तर ४०,००० च्या वर विषयच नाही, आणि तुमच्या एका सर्व्हरचीच किंमत त्याहून जास्त असेल. म्हणून किंमत जाहीर करा, लेखी.

मूव्हरला मशीनचं किती कळतंय हे दोन तीन प्रश्नांत समजतं. झेरॉक्स मशीन कसं नेणार विचारा, जो म्हणतो "चार माणसं उचलतील" त्याला कळत नाही, जो म्हणतो टोनर आणि वेस्ट टोनरची बाटली आधी काढायला तुमच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा, त्याला कळतंय. यूपीएसच्या बॅटऱ्या सुट्या करून, टर्मिनलला टेप लावून, उभ्याच न्यायच्या, आडव्या टाकायच्या नाहीत. स्प्लिट एसी काढायच्या आधी गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून बंद करावा लागतोय, हे एसीवाल्याचं काम आहे, हमालानं पाईप कापला तर गॅस गेला. लोखंडी तिजोरी असेल तर वजन आधीच सांगा. आणि सर्व्हर, हार्डडिस्क, टॅलीचा बॅकअप, चेकबुक, सही शिक्के, डिजिटल सिग्नेचरचे टोकन हे कुणाच्याही गाडीत टाकू नका, कितीही चांगली कंपनी असू द्या, मालकाच्या गाडीत आणि मालकाच्या मांडीवर. सीए, वकील, डॉक्टर यांच्या फायली तर लोकांच्या विश्वासाच्या असतात, त्या बॉक्सना टेप लावून सही करा, नंबर टाका आणि प्रत्येक खेपेबरोबर स्वतःचा एक माणूस बसवा.

कागदांचं सीएला विचारून घ्या, पण साधारण असं, विक्री नसली तरी डिलिव्हरी चलन (मालाबरोबर न्यायचा कागद) लागतंय आणि राज्यातल्या राज्यात माल १ लाखाच्या वरचा असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी पोर्टलवर काढायचा जीएसटीचा कागद) बघावं लागतंय. घरगुती वापरलेल्या सामानाला सूट आहे, पण ऑफिसचं फर्निचर घरगुती म्हणून नेऊ नका. नवीन पत्ता जीएसटीत आधीच ॲडिशनल प्लेस (धंद्याची जादा जागा) म्हणून टाकून ठेवला तर चलनावर पत्ता जुळतो, आणि मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत पोर्टलवर अर्ज करायचा असतो. इंटरनेट आणि लाईटचं कनेक्शन पण आधीच, सामान पोचलं आणि मीटरवर लोडच पुरत नाही असं नको.

तारखेचं बोलायचं तर पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवशी सगळ्यांनाच जायचं असतं, चांगली टीम मिळत नाही आणि मिळाली तर दोन कामं एका दिवसात उरकायच्या घाईत असती. मुहूर्ताला कलश, गणपती, वहीपूजन करून जागा सुरू करा आणि सामान नंतरच्या शनिवार रविवारी आणा, देवाला चालतंय आणि हमालांनाही निवांत काम करता येतं. जुलै ऑगस्ट टाळाच, पाणी वाढायला लागलं की पूरपट्ट्यातले सगळे एकदम गाड्या शोधतात, तेव्हा दर पण वाढतो आणि पावसात पुठ्ठ्याचे बॉक्स पण टिकत नाहीत. ऊसाच्या सीझनला ट्रॅक्टर ट्रॉल्यांनी रस्ते भरलेले असतात, सकाळी लवकर निघा. पेठेत मोठ्या गाडीला कुठल्या वेळेत एन्ट्री आहे हे ट्रॅफिक शाखेत जाऊन विचारा, गाडीवाल्याच्या "होतंय सर" वर राहू नका.

पैसे देताना ॲडव्हान्स थोडा, दहा वीस टक्के बास. मोठी रक्कम उतरवून झाल्यावर, आणि थोडी राखून ठेवा टेबलं कपाटं जोडून होईपर्यंत. पूर्ण पैसे आधी मागणारा असेल तर तिथंच थांबा, कारण माल गाडीत चढल्यावर दर वाढवून सांगायचा आणि दिल्याशिवाय उतरवायचं नाही हा प्रकार या धंद्यात होतोय आणि पूर्ण पैसे गेलेले असले की तुमच्या हातात काहीच राहत नाही. चढवायच्या आधी मशीनचे, काचेच्या टेबलांचे मोबाईलवर फोटो काढा. उतरल्यावर यादीप्रमाणे मोजल्याशिवाय "माल बरोबर मिळाला" वर सही करू नका, काही तुटलं असेल तर बिल्टीच्या त्याच कॉपीवर तिथंच लिहा आणि ड्रायव्हरची सही घ्या, त्याला घाई असती पण पाच मिनिटं थांबवा. फोनवर भांडून मिटलं तर चांगलंच, नाही मिटलं तर ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागती, तेवढ्यात दिली नाही तर पुढं दावा लावता येत नाही. नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती बिल्टीबरोबर फायलीला लावून ठेवा.