सॉफ्टवेअरसाठी पैसे नेमके कोणाला द्यावेत, हे कसं ठरवायचं?

आधी आठवडाभर टिपून ठेवा, फोनवर आणि संगणकावर रोज काय काय उघडता ते. यादी आवडीची नको, वापराची हवी. मग एकेका नावापुढे विचारा, हे उद्या बंद पडलं तर माझं काय अडेल? काहीच अडणार नसेल तर ते नाव खोडा.

उरलेल्यांना पैसे देण्याआधी पारखून घ्या. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपला डेटा बाहेर काढून बघणं. एक्सपोर्टचं बटण दिसतंय एवढ्यावर विसंबू नका. फोटोसकट दहा-वीस नोंदी बाहेर काढा आणि ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. नोंदी ठेवण्याच्या एका ॲपला मी ‘लाइफटाइम’चे पैसे भरले होते. ते बंद होतंय अशी मेल आली, तेव्हा कुठे मी पहिल्यांदा एक्सपोर्ट केलं. मजकूर आला, पण फोटो गायब, आणि सगळ्या नोंदींवर तारीख एकच, एक्सपोर्ट केला त्या दिवसाची. कोणती नोंद कधीची, हे मला आजही लावता येत नाही. माझा डेटा मला सहज नेऊ देणाऱ्यालाच मी आता पैसे देते.

त्यानंतर गेल्या वर्षभराची अपडेटची टिपणं वाचा. नवं काही आलं नसलं तरी चालेल, चुका दुरुस्त होताहेत का ते बघा.

मग पैसा जातो कुठे ते तपासा, कारण इथे बरेच जण फसतात. मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्स बनवण्यासाठी वापरली जात नाही. ब्राउझरचं काम मोझिला कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी करते. थंडरबर्ड हा ईमेल प्रोग्राम मात्र मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवरच चालतो. दोन्ही कामं चांगलीच आहेत, पण आपले पैसे कशाला लागणार हे देण्याआधी कळायला हवं.

आपली ॲप्स ज्यांच्या आधारावर चालतात, पण जे यादीत कधीच दिसत नाहीत, अशा प्रकल्पांसाठीही थोडी रक्कम वेगळी काढा. असंख्य वेबसाइटची सुरक्षा ओपनएसएसएल या माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी होती, तरी २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली तेव्हा त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती. २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल आकसून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची सोय, सापडली. तो प्रकल्प एकच थकलेला माणूस सांभाळत होता, आणि मदतीला आलेल्या अनोळखी व्यक्तीनेच ती घुसवली होती. तुमचं लाडकं ॲप कोणत्या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांवर उभं आहे, हे बहुतेकदा त्याच्या ‘अबाउट’मध्ये किंवा परवान्यांच्या यादीत सापडतं. त्यातला एखादा निवडा.

रक्कम लहान असली म्हणून संकोचू नका. २००२ मध्ये ब्लेंडर या थ्रीडी चित्रं बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करण्यासाठी लागणारे १,००,००० युरो लोकांनी सात आठवड्यांत जमवले होते. जमत असेल तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडं द्या. पुढच्या महिन्यात किती येणार हे ठाऊक असलं की बनवणाऱ्याला कामाचा वेळ ठरवता येतो. सोबत दोन ओळी लिहा, तुम्ही ते कशासाठी वापरता आणि त्यातलं काय मोडू नये.