जुना व्हीसीआर नवीन टीव्हीला जोडताय? या चुका टाळा

व्हीसीआर लावला, कॅसेट टाकली, प्ले दाबलं आणि टीव्हीवर नुसता निळा पडदा नाहीतर ‘नो सिग्नल’. इथे बरेच जण लगेच ठरवून टाकतात की मशीन गेलं. पण आत कॅसेट फिरतीये, काउंटर पुढे सरकतोय तर बऱ्याचदा घोळ वायरमध्ये किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो, म्हणून भंगारात द्यायची घाई अजिबात करू नका. नवीन व्हीसीआर आता मिळायचा नाही, जपानची फुनाई ही शेवटची कंपनी उरली होती आणि तिनेही २०१६ मध्ये बनवणं बंद केलं.

सगळ्यात कॉमन चूक, पिन चुकीच्या जॅकमध्ये. व्हीसीआरला पिवळे जॅक बहुतेक वेळा दोन असतात, एक इन एक आउट, दिसायला अगदी सेम. टीव्हीकडे जाणारी वायर व्हीसीआरच्या आउटमधून निघाली पाहिजे आणि टीव्हीच्या इनमध्ये गेली पाहिजे. मागे हात घालून चाचपून लावलं की हमखास चुकतं, त्यामुळे टॉर्च मारा आणि जॅकवरची अक्षरं वाचा. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. मशीन मोनो असेल तर आवाजाचा जॅक एकच असतो, त्यातून टीव्हीच्या पांढऱ्यात वायर न्या आणि लाल मोकळी सोडा, काही बिघडत नाही.

टीव्हीच्या मागे हिरवा-निळा-लाल असे कंपोनंटचे (चित्र तीन वायरींत वाटून आणणारे) जॅक असतील तर सांभाळून, तिथला लाल हा चित्राचा आहे, आवाजाचा नाही. काही टीव्हींना वेगळा पिवळा जॅकच नसतो, हिरव्यालाच ‘व्हिडिओ’ असं पण लिहिलेलं असतं. मग पिवळी पिन त्या हिरव्यात घालायची आणि रिमोटवरून सोर्स ‘एव्ही’ निवडायचा. ‘कंपोनंट’ निवडलात तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसेल आणि तुम्ही उगाच व्हीसीआरला दोष देत बसाल.

नव्या पातळ टीव्हींमध्ये कधी कधी हेडफोनसारखं एकच छोटं होल असतं आणि बॉक्समध्ये त्याची तीन रंगांची छोटी वायर आलेली असते. लोक ती हरवतात आणि जुन्या कॅमेऱ्याची तसलीच दिसणारी वायर लावतात. होल तेच, पण आतली जोडणी कंपनीप्रमाणे वेगळी असू शकते, मग चित्र गायब आणि स्पीकरमधून नुसती घूं घूं. ती घूं घूं म्हणजे चित्राचा सिग्नल आवाजाच्या लाइनमध्ये गेलाय. तीन पिना आपसात बदलून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं, नाहीतर त्या टीव्हीसाठीचीच वायर घ्या.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर कन्व्हर्टर लागतो. घेताना दिशा बघा! ‘एव्ही टू एचडीएमआय’ हवा, ‘एचडीएमआय टू एव्ही’ नाही, दोन्हीच्या डब्या एकसारख्या दिसतात पण उलटा घेतलात तर काही केल्या चालणार नाही. आणि त्याला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात, ते न देता ‘चित्र येत नाही’ म्हणणारे खूप आहेत.

मशीन फारच जुनं असेल आणि फक्त अँटेनाचा जॅक असेल तर टीव्हीत ॲनालॉग ट्यूनिंग करावं लागेल, डिजिटल स्कॅनमध्ये ते सापडणारच नाही. ट्यूनिंग चालू असताना कॅसेट प्लेवर ठेवा. पाल (भारतात चालणारी चित्राची सिस्टीम) मशीन बहुतेक वेळा यूएचएफच्या ३६ नंबरच्या आसपास सापडतं, अमेरिकन असेल तर ३ किंवा ४ नंबर चॅनलवर. अमेरिकेतून आणलेल्या मशीनच्या बाबतीत प्लग लावायच्या आधी मागचा स्टिकर वाचा, १२० व्होल्टचं मशीन थेट २३० वर लावलं तर जळतं, मग दुसरी संधी नाही.

चित्र येतंय पण रंग नाही किंवा फ्रेम वर-खाली पळतीये, तर सिस्टीम जुळत नाहीये. पालमध्ये ६२५ लाइन्स, एनटीएससीमध्ये (अमेरिकन सिस्टीम) ५२५. टीव्हीत कलर सिस्टीम ‘ऑटो’वर टाका.

आवाज स्वच्छ पण चित्रात मुंग्याच मुंग्या असतील तर आधी ट्रॅकिंग (टेप नीट वाचली जावी म्हणून व्हीसीआरला असलेलं बटण) फिरवून बघा. तरी नाही गेल्या तर बहुतेक व्हिडिओ हेड (टेपवरचं चित्र वाचणारं टोक) घाण झालंय, साधा आवाज वेगळ्या हेडवरून येतो म्हणून तो शाबूत राहतो. कृपा करून कान साफ करायच्या कापसाच्या काडीने हेड घासू नका, कापसाचा धागा अडकला की ते नाजूक टोक तुटतं, आणि वर-खाली तर कधीच घासायचं नाही. हे काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. घरातली एकुलती एक कॅसेट, लग्नाची असेल, आजीचा आवाज असलेली असेल, ती पहिली टाकून बघू नका!! वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनचे बेल्ट सैल झालेले असतात आणि ते टेप आत ओढून चुरगळतं. आधी नको असलेली कॅसेट टाका, प्ले, स्टॉप, रिवाइंड, फॉरवर्ड सगळं करा, बाहेर काढा आणि कॅसेटचं झाकण उचलून टेपची कड बघा. कड दुमडलेली दिसली तर तिथेच थांबा. मग चांगली कॅसेट हातात घेऊन खिडकीतून बघा, टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती आत गेली की हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. थंड जागेतून मशीन किंवा कॅसेट गरम खोलीत आणली असेल तर दोनेक तास तशीच ठेवा, आत दव धरलेलं असतं आणि ओली टेप ड्रमला (हेड बसवलेला फिरता भाग) चिकटते.

चित्र लागल्यावर माणसं जाडी दिसली तर टीव्हीचा वाइड मोड काढून ४:३ करा. आणि चित्राच्या अगदी तळाशी एक बारीक थरथरती पट्टी दिसेल, तो बिघाड नाही, एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना ती येतेच, जुन्या डबा टीव्हीत ती कडेच्या आड लपायची, तेव्हा त्यासाठी मशीन उघडू नका.