रस्त्याची आखणी कडेपासून करावी

२०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशिकमध्ये रस्त्यांची बरीच कामे निघत आहेत, आणि एकदा काँक्रीट पडले की त्या रस्त्याची रुंदी, कोपरे आणि पदपथ बदलण्याची संधी पुढची कित्येक वर्षे मिळत नाही. म्हणून ज्या रहिवासी संघाला, शाळेला किंवा व्यापारी मंडळाला आपल्या भागातील रस्ता सर्वांसाठी सुरक्षित हवा आहे, त्यांनी निविदा निघण्यापूर्वीच स्वतःचा आराखडा तयार ठेवावा. रस्ता सहसा मधल्या रेषेपासून आखला जातो. गाड्यांच्या मार्गिका आधी बसतात आणि उरलेसुरले पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येते. ही मोजणी उलटी करून कुंपणभिंतीपासून मध्याकडे जावे, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

सुरुवात पाहणीने करावी. शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ, संध्याकाळच्या बाजाराची वेळ आणि रात्री दुकाने बंद झाल्यानंतरचा एक तास अशा निरनिराळ्या वेळी रस्त्यावर उभे राहून गाड्यांबरोबरच माणसेही मोजावीत. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमध्ये कारखान्यांची पाळी सुटताना सायकलींची व पायी जाणाऱ्यांची संख्या पाहिली, तर तेथील रस्ता कोणासाठी आखायचा हा प्रश्न फारसा उरत नाही. पंचवटीत निमाणी बसस्थानकाकडून रामकुंडाकडे निघालेला भाविक बहुधा वयस्कर, हातात पिशव्या घेतलेला आणि वाट न माहीत असलेला असतो. त्याच्यासाठी लांबून दिसणारा फलक आणि सलग पदपथ या दोन्ही गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या ठरतात. लोक प्रत्यक्षात कोठून रस्ता ओलांडतात हे नकाशावर टिपावे. दुभाजकाच्या जाळीत पाडलेली फट ही बेशिस्तीची खूण मानली जाते, पण बहुतेक वेळा झेब्रा पट्टे खरे तर तिथेच हवे होते असे तिच्यावरून कळते.

अपघातांच्या नोंदीही पाहाव्यात. सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, अथवा अपघातांत दहा जणांचे प्राण गेले, तर राष्ट्रीय महामार्गांसाठीच्या निकषानुसार ती जागा अपघातप्रवण ठरते. मात्र हा निकष पूर्ण होण्याची वाट पाहणे म्हणजे माणसे दगावण्याची वाट पाहणे होय, त्यामुळे थोडक्यात चुकलेले अपघात ज्या चौकांत रोज दिसतात त्यांनाही यादीत स्थान द्यावे.

आता टेप हाती घ्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार (आयआरसी १०३) पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि २.२ मीटर मोकळी उंची हवी. येथे ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कागदावर दोन मीटर असलेल्या पदपथातून डीपी बॉक्स, झाडाचा पार, दुकानाची पायरी आणि फलकाचा खांब वजा केल्यावर अनेकदा एका माणसालाही अंग चोरून जावे लागते, तेथे व्हीलचेअरचा प्रश्नच येत नाही. पदपथाची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, कारण उंच पदपथावर चढण्यापेक्षा गुडघे दुखणारी व्यक्ती डांबरावरून चालणे पसंत करते. सोसायटीच्या फाटकासमोर पदपथ खाली उतरवू नये; तो सपाट ठेवून गाडीलाच उतारावरून चढू द्यावे.

१८ मीटर रुंदीच्या रस्त्याचे उदाहरण घेऊ. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचा पदपथ धरला की पाच मीटर जातात. त्याला लागून दीड-दीड मीटरची पट्टी झाडे, पथदिवे, विजेच्या पेट्या आणि फेरीवाल्यांसाठी ठेवावी, म्हणजे आणखी तीन. एका बाजूला दोन मीटर वाहनतळ. उरलेल्या आठ मीटरमध्ये सिटीलिंक या शहर बससेवेची बस सहज जाईल अशा सव्वातीन मीटरच्या दोन मार्गिका बसतात आणि दीड मीटर शिल्लक राहते. त्याचा सलग दुभाजक न करता ओलांडण्याच्या जागी थांबण्यासाठी बेट करावे आणि अन्यत्र केवळ रंगीत पट्टा ठेवावा, म्हणजे एखादी गाडी बंद पडली तरी वाहतूक अडत नाही. वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत राहिला तर अशा रस्त्यावर सायकलसाठी वेगळा मार्ग नसला तरी चालतो.

वाहनतळ काढून टाकण्याचा मोह आवरावा. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या स्मार्ट रोडवर पदपथ आणि सायकल मार्ग यांना जागा दिली गेली हे चांगलेच झाले, पण रुंद पदपथ दिसला की त्यावर दुचाकी चढते, हा कोणत्याही शहरातला अनुभव आहे. खांब रोवून ती पूर्णपणे थांबत नाही, कारण व्हीलचेअरला लागणाऱ्या फटीतून दुचाकीही आरामात निघते. तिला उभे राहण्याची ठरलेली जागा देणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे. फेरीवाल्यांचेही तसेच आहे: २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिले असल्यामुळे आराखड्यात त्यांची जागा दाखवावी. रात्री नऊनंतर भुर्जीची गाडी सुरू असलेल्या कोपऱ्यावरून एकट्या मुलीला जाणे सोपे वाटते, हेही विसरू नये.

खरी परीक्षा चौकात होते. ताशी ५० च्या वेगाने धडक बसल्यास पादचाऱ्याचा जीव जाण्याची शक्यता ताशी ३० च्या तुलनेत अनेक पटींनी वाढते. केवळ फलक लावून वेग कमी होत नाही. तो कमी करण्याचे काम कोपऱ्याचा आकार करतो. वळणाची गोलाई मोठी असली की गाडी वेग न सोडता डावीकडे वळते; ती लहान केली की वेग उतरतो आणि ओलांडायचे अंतरही घटते. किती लहान करता येईल हे तपासण्यासाठी वाहतूक पोलिसांना कळवून सकाळी कोपऱ्यावर चुन्याची फक्की टाकावी आणि दुपारी येऊन पाहावे. जेथील फक्की चाकाखाली विस्कटलेली नाही, ती जागा गाड्यांना लागतच नव्हती. ती पदपथाला जोडावी. बस आणि कचऱ्याची घंटागाडी त्या काळात वळून गेली असल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

सिग्नलची वेळही मोजावी. चालण्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १२ मीटर रस्ता दहा सेकंदांत पार होतो, पण काठी टेकत जाणाऱ्या आजींचा वेग ०.८ धरला तर पंधरा सेकंद लागतात. मागणी पंधराचीच करावी. शाळा किंवा दवाखान्यासमोर झेब्रा पट्टे पदपथाच्या उंचीवर उचलून घ्यावेत, म्हणजे गतिरोधकाचे कामही त्यातच होते. बसथांबा चौक ओलांडल्यावर असावा, आणि रिक्षाथांबा त्याच्याही पुढे.

आराखडा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि वाहतूक शाखेत लेखी द्यावा, त्यासोबत मोजमापांसह आडवा छेद (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रस्त्याची विभागणी दाखवणारे चित्र) जोडावा आणि नकाशाच्या टप्प्यावरच रस्ता सुरक्षा परीक्षण मागावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९८अ कलमाने सुरक्षिततेचे निकष पाळण्याची जबाबदारी संबंधित यंत्रणेवर, सल्लागारावर आणि ठेकेदारावर टाकली आहे. पत्रात त्याचा उल्लेख असावा. काम सुरू झाल्यावर कर्बचे (पदपथाच्या कडेचे) दगड बसले आणि काँक्रीट अजून पडायचे आहे अशा वेळी जागेवर जाऊन तीच टेप पुन्हा लावावी, कारण त्या टप्प्यावर दगड हलवता येतो.