छोट्या टेनिस क्लबातला चौथा गडी

छोट्या क्लबाचं गणित चार माणसांचं असतं. कोर्ट एक, फार तर दोन. खेळायची खरी वेळ सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत. लाइट असतील तर आणखी दीड-दोन तास. एवढ्या वेळात सिंगल्स खेळत बसलं तर बाकीच्यांना बाकावरच बसून राहावं लागेल, म्हणून जवळजवळ सगळा खेळ डबल्सचा. चौघांची जमलेली चौकडी असते. त्यातलं कुणी लग्नाला बाहेरगावी गेलं, कुणाचा गुडघा धरला, की सेट अडतो आणि नव्या माणसाला जागा होते. सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात टेनिस सुरू करायचं असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत एकच साधायचं: ज्याला बिनधास्त फोन करावा असा चौथा गडी व्हायचं.

पैसे भरण्याआधी

तीन दिवस नुसते जाऊन बसा. एक दिवस सकाळी, एक संध्याकाळी, एक रविवारी. कोर्टवर किती आहेत, बाकावर किती थांबलेत, मुलांची कोचिंगची बॅच संध्याकाळी किती वाजेपर्यंत कोर्ट अडवते, हे मोजा. कोर्ट दिवसभर खुलं आहे असं सांगितलं जातं आणि ते खरंही असतं, पण एप्रिलमध्ये सांगलीत दुपारी दोनला खेळता येत नाही. तुम्हाला ज्या वेळी यायचं आहे त्या वेळी जागा आहे का, एवढंच बघायचं.

पहिली चौकशी कमिटीकडे करण्याआधी कोर्ट सांभाळणाऱ्याकडे करा. जुन्या क्लबांत त्याला मार्कर म्हणतात: कोर्टवर पाणी मारणारा, नव्यांना बॉल देणारा आणि चौथा कमी पडला तर स्वतः उभा राहणारा. कुठल्या वेळी कुठल्या दर्जाचे खेळाडू येतात हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

मग फी विचारा, पण सुट्या भागांत विचारा. प्रवेश फी किती, ती परत मिळते का. वर्गणी महिन्याची की वर्षाची. मातीचं कोर्ट पावसाळ्यात बंद असेल तर त्या महिन्यांची वर्गणी घेतात का. लाइटचं बिल वेगळं आहे का. बॉल क्लबचे की खेळणाऱ्यांचे. पाहुण्याला आणलं तर किती. अर्जासोबत बहुतेक ठिकाणी फोटो, आधारची प्रत आणि सूचक-अनुमोदक म्हणून दोन सभासदांच्या सह्या मागतात. सह्या कुणाच्या घ्यायच्या हे त्या तीन दिवसांत आपोआप ठरतं. पावती घ्या आणि नियम लेखी आहेत का ते विचारा. आधी महिनाभर पाहुणा म्हणून खेळता येत असेल तर तेच करावं, वर्षाची वर्गणी नंतर भरावी.

रॅकेट, बूट, बॉल

नवशिक्या मोठ्या माणसाने गटिंगशिवाय, म्हणजे तारा ओवण्याआधी, २७० ते २९० ग्रॅम वजनाची, १०० ते १०५ चौरस इंच डोक्याची रॅकेट घ्यावी. लांबी २७ इंच, ही मोठ्यांची ठरलेलीच. ग्रिप बघताना रॅकेट धरा आणि बोटांची टोकं व तळहात यांच्या फटीत दुसऱ्या हाताचं एक बोट ठेवा. ते जेमतेम बसलं पाहिजे. बहुतेकांना सव्वाचार इंच, म्हणजे एल-२, किंवा त्यापुढची एल-३ लागते. दोन्हींत मन अडलं तर लहान घ्या; वरून ओव्हरग्रिप गुंडाळून जाड करता येते, जाड ग्रिप बारीक करता येत नाही.

गटिंगसाठी सिंथेटिक गट, ५० ते ५२ पौंड. पॉलिएस्टरची तार टिकाऊ म्हणून दुकानदार पुढे करतो. ती कडक असते आणि सुरुवातीच्या चुकीच्या फटक्यांचा सगळा हादरा कोपरावर येतो. बॅडमिंटनचं गटिंग करणाऱ्याकडे रॅकेट देण्याआधी त्याचं मशीन टेनिसचा ताण घेतं का ते विचारा. बॅडमिंटनला पंचवीसच्या आसपास पौंड पुरतात, टेनिसला त्याच्या दुप्पट लागतात, आणि हलक्या मशीनवर फ्रेम वाकते. उन्हाळ्यात रॅकेट बंद गाडीत ठेवू नका, तारेचा ताण उतरतो.

बूट हा एकच खर्च असा आहे की तिथे तडजोड करू नये. धावण्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, ती सरळ पुढे जाण्यासाठी. टेनिसमध्ये बाजूला झेपावून थांबावं लागतं. धावण्याचा बूट तिथे बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि घोटा मुरगळतो. मातीच्या कोर्टसाठी तळव्यावर बारीक नागमोडी खाचा असलेला टेनिसचाच बूट घ्या. खोल खड्ड्यांचा, जाड गुठळ्यांचा तळवा कोर्ट उकरतो आणि असा बूट घातलेल्याला कुठलाही क्लब आत सोडणार नाही.

बॉल मागताना नीट सांगा. आपल्याकडे 'टेनिस बॉल' म्हटलं की दुकानदार क्रिकेटचा बॉल काढतो. तो जड असतो, टप्पा वेगळा घेतो आणि त्याने सवय बिघडते. हवाबंद डब्यातले तीन बॉल घ्या. डबा उघडताना फुस्स आवाज आला पाहिजे. उघडल्या क्षणापासून दाब कमी व्हायला लागतो, वापरा अगर नका वापरू. नियमातली कसोटी अशी: २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळावा. घरच्या फरशीवर खांद्याच्या उंचीवरून सोडून बघा, निम्म्याच्या थोडा वर आला तर चांगला, निम्म्याखाली राहिला तर तो सरावाच्या बादलीत. चौघांनी आळीपाळीने डबा आणायची पद्धत असते. तुमची पाळी कुणाला आठवण करून द्यावी लागू नये.

इथले बॉल पाचगणीला घेऊन गेलात तर ते लांब जातात, हात बिघडला असं समजू नका. हवा विरळ असते. १,२१९ मीटरच्या वरच्या कोर्टसाठी नियमांत वेगळा बॉलच सांगितला आहे आणि पाचगणी-महाबळेश्वर दोन्ही त्या उंचीच्या वर आहेत.

सेटमध्ये घेण्याइतका खेळ

क्लबातल्या डबल्ससाठी जोरदार सर्व्हिस लागत नाही. दोन गोष्टी लागतात. नेटपासून ६.४० मीटरवर सर्व्हिस लाइन असते. तिथे समोरासमोर उभं राहून न चुकता वीस फटके, आणि मग बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, दहा. दुसरी गोष्ट, दहापैकी सात वेळा आत पडणारी दुसरी सर्व्हिस, हळू असली तरी चालेल. डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या, की बाकीचे तिघे नुसते उभे राहतात, आणि एका गेममध्ये तीन झाले की पुढच्या वेळी फोन येत नाही. बॉल वर फेकताना हात सरळ ठेवा आणि फेक बिघडली तर मारू नका, पडू द्या, पुन्हा फेका. त्याला नियमांची परवानगी आहे. सर्व्हिस बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा फेक हेच असतं.

ही तयारी झाली की बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्याला विचारा, 'काका, चौथा लागतोय का?' नाही म्हणाले तर तिथेच थांबा, बॉल गोळा करून द्या. दुसऱ्या सेटला बहुधा कुणीतरी दमतंच.

जोडीदार सर्व्हिस करत असताना तुम्ही नेटपासून दोन-अडीच मीटरवर उभे राहा, त्याहून जवळ नको, लॉब, म्हणजे उंच उडवलेला बॉल, डोक्यावरून जातो. जोडीदार समोरून आलेली सर्व्हिस घेत असेल तर सर्व्हिस लाइनवर. मधून जाणाऱ्या बॉलवर दोघेही थबकतात, म्हणून तोंडाने 'माझा' किंवा 'तुझा' म्हणा, आणि ते बॉल नेट ओलांडायच्या आत म्हणा.

अंपायर नसतो, म्हणून कॉल तुमचाच

आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निर्णय आपण द्यायचा, समोरच्याचा समोरच्याने. रेषेला निसटता स्पर्श झाला तरी बॉल आत. स्पष्ट बाहेर दिसला तर लगेच, मोठ्याने 'आउट'. शंका असेल तर पॉइंट समोरच्यांचा; 'परत खेळू या' हा पर्याय शंकेसाठी नाही. जोडीदारांचं दुमत झालं तरी बॉल आत धरायचा. मातीवर ठसा दिसतो, पण तो फक्त पॉइंट संपवणाऱ्या फटक्याचा किंवा तुम्ही खेळ थांबवलात तेव्हाचाच बघायचा. शेजारच्या कोर्टवरचा बॉल मध्ये आला तर मात्र पॉइंट पुन्हा. दोन टप्पे पडले, अंगाला बॉल लागला, पॉइंट चालू असताना नेटला हात लागला, तर आपण होऊन सांगा. छोट्या गावात ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना कळते, सांगितलंत तरी आणि लपवलंत तरी.

सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक पॉइंटआधी स्कोअर सांगायचा, स्वतःचा आधी. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. लोक थांबलेले असतील तर बहुतेक ठिकाणी ४०-४० ला एकच निर्णायक पॉइंट खेळतात; सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची हे घेणारी जोडी ठरवते. गेम सहा-सहा झाले की सेट ठरवणारा टायब्रेक, सात पॉइंटपर्यंत, दोनच्या फरकाने. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या गेमनंतर बाजू बदला. कंटाळा करून एकाच बाजूला राहिलं तर सकाळचं ऊन एकाच जोडीच्या डोळ्यांत जातं.

मातीचं कोर्ट

हे सगळ्यांत कमी शिकवलं जातं आणि इथेच नवा सभासद चांगला की वाईट ते ठरतं. मातीच्या कोर्टचा वरचा थर ओलसर, घट्ट आणि सारखा हवा. संध्याकाळी पाणी, ते थोडं जिरल्यावर रोलर, मग फक्कीने रेषा, असा क्रम. कोर्टवर जाण्याआधी टाच दाबून बघा: ठसा उमटला किंवा माती बुटाला चिकटली तर खेळू नका. त्या दिवशीची खळी वाळली की दगडासारखी होते आणि पुढे आठवडाभर टप्पा वेडावाकडा येतो. ओल्यावर रोलरही फिरवायचा नाही, थर रोलरला चिकटून निघून येतो. उलट फार कोरडं पडलं तर धूळ उडते, भेगा पडतात आणि पाय घसरतो.

खेळ संपला की पुढचे चौघे यायच्या आत पोतं किंवा ओढायची जाळी फिरवा. कुंपणाजवळून सुरुवात करून गोल फिरत आत, नेटकडे या. पायांनी माती बाहेर ढकललेली असते, ती परत आत आणायची असते. फक्त रेषांच्या आतलं झाडलं तर बेसलाइनशी खड्डा आणि मागे उंचवटा तयार होतो. शेवटी रेषा झाडूने मोकळ्या करा. चौघांनी मिळून हे पाच मिनिटांचं काम आहे.

नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर हवं, खांबांशी १.०७ मीटर. एक रॅकेट उभी आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवून मापायची जुनी युक्ती आहे, पण हल्लीची डोकी रुंद असल्यामुळे माप दोन-तीन सेंटिमीटर जास्त येतं. पिशवीत टेप ठेवा.

जून ते सप्टेंबर मातीवर भरवसा नाही. नदीकाठच्या भागात पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की नेट, बॉल, फक्कीची पोती आणि ओढायची जाळी वरच्या मजल्यावर हलवायला मदतीला जा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको. पाणी उतरल्यावर कोर्टवर गाळाचा थर राहतो. तो पूर्ण वाळायच्या आधी, पण पाय रुतत नाही अशा वेळी खरवडून काढायचा. घाईने गाळावरच रोलर फिरवला तर तो खालच्या मुरमात मिसळतो, पाणी मुरायचं थांबतं आणि पुढचा सबंध हंगाम कोर्ट चिखलाचं राहतं. त्या आठवड्यात फावडं घेऊन येणाऱ्याला नंतर सेटमध्ये जागा मागावी लागत नाही.